अधिकार न विचारणाऱ्या सॉफ्टवेअर उत्पादकांस

सन्माननीय सॉफ्टवेअर उत्पादक महोदय,

सा. न. वि. वि.

कंपन्यांची वेतनपत्रके, बिले, बँक खाती सांभाळणारे सॉफ्टवेअर आपण बनवता, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. लॉगिनला पासवर्ड आहे, ओटीपी आहे. कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र आत आलेल्या माणसाला ‘हे काम करण्याचा तुम्हाला अधिकार आहे का?’ असे विचारायला आपण फार भिडस्त. एवढी भीड कशाला, महोदय?

पुरवठादाराचे बँक खाते बदलण्याचे बटण आपण कारकुनाच्या स्क्रीनवरून लपवलेत, त्याबद्दल विशेष आभार. त्या बटणामागची विनंती सर्व्हरला थेट पाठवली, तर तो निमूटपणे खाते बदलून देतो, एवढे सांगायचे मात्र राहून गेले. पैसे भलतीकडे गेल्याचे आम्हाला पुरवठादाराचा संतापलेला फोन आल्यावर कळते.

सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या अबॅप भाषेत अधिकाराची तपासणी करायला ‘ऑथॉरिटी-चेक’ ही एक आज्ञा असते. ती स्वतः कोणाला अडवत नाही. निकाल ‘एसवाय-सबआरसी’ या व्हेरिएबलमध्ये ठेवते. शून्य म्हणजे परवानगी आहे. दुसरे काही आले, तर काम थांबवणे पुढच्या ओळीने करायचे असते. ती ओळ लिहायला आपल्याला सवड झाली नाही. आपण थोर, व्यापात असता.

२०२५च्या एप्रिलमध्ये सॅपच्या नेटवीव्हर या प्रणालीतल्या व्हिज्युअल कंपोजरमध्ये फाइल अपलोड करण्याची जागा अशीच विनातपासणी निघाली. लॉगिनसुद्धा न करता कोणीही सर्व्हरवर फाइल ठेवावी आणि तिच्यातून हुकूम चालवावेत! तीव्रता १०पैकी १०. २४ एप्रिलला तातडीचा पॅच आला, तोवर हल्लेखोर काही ठिकाणी आत जाऊनही आले होते.

सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार-नियंत्रणातल्या त्रुटी २०१७मध्ये पाचव्या होत्या, २०२१मध्ये पहिल्या. या प्रगतीबद्दल आपले त्रिवार अभिनंदन.

पॅच आला की महिनाअखेरीच्या धावपळीत सिस्टिम बंद ठेवून रात्रभर तो चढवतात ती आमची मुले. त्रुटीमुळे उघडे पडतात ते रखवालदाराचा पगार आणि परिचारिकेच्या रजेचे वैद्यकीय कारण. या माणसांनी आपले सॉफ्टवेअर निवडलेले नाही, महोदय.

म्हणून पाया पडून विनवतो: प्रत्येक विनंतीला सर्व्हरवरच अधिकार विचारा, आणि तो सिद्ध होईपर्यंत नकार द्या. रिलीजपूर्वी फक्त साहेबांना अधिकार असलेली प्रत्येक विनंती कारकुनाच्या खात्यातून पाठवून पाहा. एक जरी मान्य झाली, तर रिलीज थांबवा. आम्ही थांबायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
परवाना शुल्क वेळेवर भरणारा एक ग्राहक