डिस्कमध्ये कोण राहतं?

मिसिसॉगा, कॅनडा

ती. आई-बाबांस,


इकडे सर्व खुशाल. फक्त तुमच्या चिरंजिवांच्या कॉम्प्युटरने असहकार पुकारला आहे. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, डिस्क संध्याकाळच्या विरार फास्टसारखी खच्चून भरलेली आणि टॅक्सचे कागद ठेवायला बोटभर जागा नाही.

चिरंजिवांचा पहिला संशय मापावर. डिस्क एक टेराबाइटची म्हणून घेतली आणि दाखवते 931 जीबी! पण त्यात लबाडी नव्हती. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, माल तोच. दुसरा संशय अर्थातच सूनबाईंच्या पाककृतींच्या फोल्डरवर. सूनबाईंनी तो सर्वांसमक्ष मोजायला लावला. एखाद्या व्हिडिओच्या एका मिनिटाइतकाही भरला नाही. चिरंजीव चहा करायला उठले.

शेवटी तुमच्या नातीने सूत्रे हाती घेतली आणि विनडिरस्टॅट नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो एकेक फोल्डर मोजत असताना पडद्यावर चिमुकले पिवळे पॅकमॅन तोंड उघडझाप करत इकडून तिकडे धावतात. मोजणी संपली की रंगीत चौकोनांची गोधडी दिसते. एक चौकोन म्हणजे एक फाइल. फाइल जितकी जड, तितका चौकोन मोठा.

या गोधडीचा जन्मही असल्याच भांडणातला. 1990 मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 14 जणांत मिळून 80 एमबीची एक डिस्क होती आणि ती सदा भरलेली. जागा कोण खातो ते एका नजरेत कळावे म्हणून बेन श्नायडरमन या प्राध्यापकांनी ‘ट्रीमॅप’ काढला. म्हणजे घरोघरी मातीच्या चुली, प्राध्यापकांकडेसुद्धा.

आता आपल्या गोधडीत काय निघाले ते ऐका. एक भलामोठा चौकोन ‘हायबरफिल डॉट सिस’चा. कॉम्प्युटरला हायबरनेट केले की चालू असलेले सगळे काम तो या फाइलीत ठेवून झोपतो. चिरंजीव ती पुसायला निघाले होते. नातीने हात धरला. दुसरा, चौकोनांचा पुंजका ‘विंडोज डॉट ओल्ड’चा, म्हणजे मोठ्या अपडेटआधीची विंडोज. तिची मुदत एरवी 10 दिवसांची, मग ती आपसूक जाते. तिसरा पुंजका जुन्या आयफोनच्या बॅकअपचा. फोन कधीच विकला, बॅकअप मात्र भाडे न देता मुक्कामाला.

खरे मानकरी पुढेच होते. आगाशीच्या लग्नाच्या पेनड्राइव्हमधली हळद! आयफोनवर 4के, सेकंदाला 60 फ्रेम अशा थाटात चित्रण केले, तर ॲपलच्याच हिशेबाने मिनिटाला सुमारे 400 एमबी लागतात. तासाभराचे 24 जीबी. आणि ती हळद एकदा नाही, तीनदा लागलेली: ‘हळद’, ‘हळद नवीन’ आणि ‘हळद फायनल’. तिन्हींत तोच बँड, तेच काका, तीच शिट्टी.

बाबा, रागावू नका, पण उरलेल्या बारीक चौकोनांत तुमचे गुलाबाचे सुप्रभात होते. त्यात तुम्ही एकटे नाही. भारतातले फोन का तुंबतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना असल्याच चित्रांचे ढीग सापडले, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2018 मध्ये छापली होती. अमेरिकेपर्यंत कीर्ती पोचली म्हणायची!

मग वाटणी झाली. हळदीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर गेली, दोन पुसल्या. बॅकअपला निरोप दिला. निर्मळच्या जत्रेत आई सुकेळ्यांचा भाव करतात तो व्हिडिओ नातीने राखून ठेवला. भाव शेवटी किती ठरला ते तिला अजून ऐकू आलेले नाही, कळवावे. एवढे करूनही पट्टी लालच! चिरंजीव पुन्हा मापावर घसरणार, तोच कळले की पुसलेले सगळे रिसायकल बिनमध्ये सुखरूप बसले आहे.

तुमची,
सूनबाई

ता. क. धाकट्या काकूंकडे पुढची हळद आहे ना? चित्रण करणाऱ्याला 1080 वर आणि सेकंदाला 30 फ्रेम ठेवायला सांगावे. मिनिटाला साधारण 60 एमबीत भागते आणि बँड तेवढाच मोठ्याने वाजतो.