हलक्या विमानांच्या समस्त कारखानदारांस अनावृत पत्र

मुक्काम परदेशीपुरा, इंदूर,
अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री.

राजमान्य राजश्री, दोन, चार आणि सहा आसनांच्या विमानांचे देशी व विलायती समस्त कारखानदार यांचे सेवेसी, परदेशीपुऱ्यातील एका बंद गिरणीच्या मस्टरावरून उतरलेल्या कारकुनाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपला माझा परिचय नाही आणि आपल्या एकाही विमानात बसण्याचा प्रसंग मजवर आलेला नाही. तथापि मंदी हे जर एखादे सरकारी खाते मानले, तर त्या खात्यातील आमच्या मोहल्ल्याची सेवाज्येष्ठता आपल्याहून निर्विवाद अधिक भरेल, आणि ज्येष्ठाने कनिष्ठास दोन शब्द सांगावेत अशी आपल्याकडील रीत असल्यामुळे हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. शिवाय वस्तीचे नावच परदेशीपुरा असल्याने परदेशातील दुःखाची दखल येथून घेतली जाणे टपाल खात्याच्या दृष्टीनेही गैर ठरू नये.

आमचे अधिकारपत्र थोडक्यात असे. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी इत्यादी गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या भागाचे उठणे-बसणे, चूल पेटणे आणि मुलांचे शाळेत जाणे चालत असे, त्या भागातले भोंगे एकामागून एक थांबले. पैकी हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये समारंभपूर्वक, खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते, दिला गेला. मधली बत्तीस वर्षे कामगारांनी, त्यांच्या विधवांनी आणि पुढे मुलांनी काढली. आपल्यापैकी ज्या कोणास, कारखान्याला टाळे लावल्यावर माणसांची देणी केव्हा द्यावीत असा विवेकाचा त्रास होत असेल, त्याने हा दाखला आपल्या दप्तरी अवश्य ठेवावा. घाईचे कारण नाही.

आता आपल्याकडील मामल्याकडे वळतो. अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतात विचिटा नावाचे एक शहर आहे आणि सेस्ना, बीच इत्यादी कारखान्यांमुळे ते स्वतःस जगाची विमान-राजधानी म्हणवून घेते, असे मी वाचले तेव्हा मला त्या गावाविषयी एकदम आपलेपणा वाटला, कारण एकाच मालावर संबंध शहराची इभ्रत टांगण्याचा प्रयोग आम्हीही करून पाहिलेला आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांनी १७,८११ लहान विमाने गिऱ्हाइकांच्या स्वाधीन केली. १९९४ मध्ये हाच आकडा ९२८ वर आला. आमच्या गिरणीतील मुकादमांना ही घसरण दाखविली असती, तर त्यांनी प्रथम एका शून्याची चूक झाली असावी म्हणून कागद परत पाठविला असता. या अधोगतीस एकटी मंदी जबाबदार नव्हती हे मी मान्य करतो. बापाने विकलेले विमान मुलाच्या कारकिर्दीत कोसळले तरी त्याची नुकसानभरपाई कारखान्याकडून वसूल करण्याची तेथील कोर्टकचेरीची प्रथा आणि त्यापायी चढत गेलेले विम्याचे हप्ते यांनी असा पेच आणला, की खुद्द सेस्नाने १९८६ मध्ये एका इंजिनाची लहान पिस्टन विमाने बनविणेच थांबविले; आणि विमान अठरा वर्षांचे झाल्यावर कारखान्यामागचा हा ससेमिरा सुटेल असा कायदा १९९४ मध्ये झाला, तेव्हा कोठे तिने पुन्हा त्या धंद्यात पाऊल टाकले.

पाऊल स्थिरावते न स्थिरावते तोच २००८ साल उजाडले. त्या वर्षाची हकिगत मी विशेष रस घेऊन वाचली. न्यू मेक्सिकोतील एक्लिप्स नावाच्या कंपनीने लहान जेट विमान दहा लाख डॉलरांच्या आत देण्याचा संकल्प सोडला होता, आणि फ्लोरिडातील डेजेट या हवाई टॅक्सीवाल्या कंपनीने तिच्याकडे शेकड्यांनी मागणी नोंदविली होती. सप्टेंबरमध्ये टॅक्सीवाल्याने दुकान बंद केले. नोव्हेंबरमध्ये कारखानदाराने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि एवढ्या गाजावाजातून गिऱ्हाइकांच्या हाती गेलेली विमाने भरली अदमासे दोनशे साठ. त्याच नोव्हेंबरात मोटारींच्या तीन प्रचंड कंपन्यांचे अध्यक्ष सरकारकडे कर्जाची याचना करण्यासाठी आपापल्या स्वतंत्र खाजगी जेटने वॉशिंग्टनला उतरले. भिक्षेकऱ्याने पालखीतून यावे हा थाट लोकांच्या डोळ्यांत खुपला आणि खाजगी विमान बाळगणे ही रातोरात लाजिरवाणी बाब झाली. गंमत अशी, की पालखीत बसणाऱ्यांपैकी दोघांना अखेरीस सरकारी मदत मिळाली. पालखी बनविणाऱ्या सुतारांच्या हाती मात्र रजेची चिठ्ठी पडली, आणि एकट्या सेस्नाने हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली.

महाराज, आपल्या धंद्याचे गणित मी रात्री बसून माझ्या परीने मांडून पाहिले. विमान दहा विकावयाचे असो की दहा हजार, ते उडण्यास लायक आहे हे सिद्ध करण्याच्या चाचण्या, कागद आणि वर्षे तितकीच लागतात. मोठा कारखानदार हा खर्च हजारांत वाटतो, लहानाने तो दहांत वाटावयाचा. इंजिन दुसऱ्याचे, तेही डॉलरांत आणि बहुधा आगाऊ पैसे मोजून. गिऱ्हाइकाने दिलेली अनामत आधीच्या महिन्याच्या पगारात खर्च झालेली. आणि गिऱ्हाईक म्हणजे असा गृहस्थ, की बाजार पडल्याची बातमी वाचताच घरखर्चातून ज्या वस्तूवर तो प्रथम काट मारतो ती आपली वस्तू. कापडाचे गिऱ्हाईक जुनी धोतरे चालवी आणि वर्षाने तरी परत येई. आपले गिऱ्हाईक जुने विमान चालविते, आणि नीट देखभाल केलेले सेस्ना १७२ पन्नास वर्षेही कुरकुर करीत नाही, हेच आपले दुर्दैव. इतका टिकाऊ माल काढणाऱ्याने मंदीची तक्रार करावी यात थोडा स्वतःचाही दोष आहे. आमच्या गिरणीचा शेवटच्या वर्षांतला माल पाहिला असता, तर ही चूक कशी टाळावी हे आपणांस समजले असते.

आता देशी मंडळींशी दोन शब्द. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर दरबाराच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली. पुढल्याच वर्षी तिचे शिकाऊ वैमानिकांसाठीचे छोटे विमान उडाले. आणि १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना मोकळे केले. विमानाच्या धंद्यातून वेळीच आणि पैसे घेऊन बाहेर पडलेला कारखानदार म्हणून त्यांची तसबीर आपण सर्वांनी कचेरीत लावावी. त्यानंतर अर्धशतकाने, १९९४ मध्ये, पुण्याच्या तनेजा उद्योगसमूहाने तामिळनाडूतील होसूरला खाजगी क्षेत्रातला विमान-कारखाना काढला, आणि इटलीच्या पार्तेनाव्हिया कंपनीच्या सहकार्याने दोन इंजिनांचे सहाआसनी पी-६८ विमान बनविण्यास घेतले; तर सहकार्य देणारी इटालियन कंपनीच काही वर्षांत बुडाली. होसूरकर मात्र शहाणे निघाले. अग्निबाणांचे आणि दुसऱ्यांच्या विमानांचे सुटे भाग बनवून, विमानांची दुरुस्ती करून, स्वतःच्या धावपट्टीचा उपयोग करून त्यांनी चूल पेटती ठेवली. विमान-कारखान्याने जगण्याचा उत्तम मार्ग विमाने न बनविणे हा आहे, हे त्यांच्याइतके शांतपणे दुसऱ्या कोणी सिद्ध केलेले मला ठाऊक नाही.

आणि मुंबईच्या कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव! यांनी तर इमारतीच्या गच्चीवर सहाआसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते सुटे करून क्रेनने खाली उतरविले आणि सरकारी प्रदर्शनात मांडले, तेव्हा थोरामोठ्यांनी पाठ थोपटली. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात एकोणीस आसनी विमानांच्या कारखान्याचा महाराष्ट्र सरकारशी करार झाला, तो पस्तीस हजार कोटी रुपयांचा. उडवून पाहण्याचा परवाना आला ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे ज्या जेट एअरवेजमध्ये ते वैमानिक होते ती कंपनी जमिनीवर बसल्यानंतर सहा महिन्यांनी. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान वर गेले २०२० मध्ये, जेव्हा महामारीमुळे सगळ्या जगाची विमाने खाली उभी होती. वेळ साधण्याची ही हातोटी पाहून आमच्या चौराह्यावरील चहावाल्याने कपाळास हात लावला. माझी शंका निराळी आहे. पस्तीस हजार कोटींचा कागद हाती असलेल्या माणसाने पस्तीस लाखांसाठी बँकेत जावे, तर मॅनेजर त्यास खुर्ची देईल, की तारण विचारील? आमच्या अनुभवाप्रमाणे करारपत्रावरील शून्ये तारण म्हणून चालत नाहीत; सातबारा लागतो.

आता मूळ विनंतीस येतो. उद्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आमच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजविलेले देखावे, निघतील. गिरण्या नाहीत, पण झांक्या आहेत. चंदा जमवून, नगर निगमच्या आणि विकास प्राधिकरणाच्या मदतीवर, जुने कामगार आणि त्यांची मुले त्या अद्याप सजवितात. मी तरुण असताना आमच्या खात्याने एके वर्षी पुष्पक विमान केले होते. सुताराने बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, त्यावर मांजरपाट ताणला, आणि सायझिंग खात्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्यास सुताची खळ अशा बेताने चढविली, की वाळल्यावर कापड ढोलाच्या कातड्यासारखे टणक झाले आणि टिचकी मारताच वाजू लागले. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की विमानविद्येच्या आरंभीच्या काळात विमानांचे पंख असेच असत: लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि कापड आवळून धरणारा लेप. म्हणजे त्या म्हाताऱ्याने, एकही विमान जवळून न पाहता, विमानांच्या धंद्याचे निम्मे रहस्य गणपतीपुढे मांडले होते. गिरणी बंद झाल्यावर साचे भंगाराच्या भावाने वजनावर गेले, त्याची पावती दप्तरात सापडेल. त्या म्हाताऱ्याच्या बोटांना खळीचा जो अंदाज होता, त्याची नोंद कोणत्याच यादीत नव्हती; तो पुढे मालवा मिल चौराह्यावर केळी विकीत असे, आणि केळ्यावर टिचकी मारून ते किती पिकले आहे हे सांगत असे.

तर आपल्या गोदामात एखादा न विकलेला सांगाडा पडून असेल, तर तो पुढल्या झांकीसाठी आम्हांस पाठवावा. इंजिनाची आवश्यकता नाही, ढकलणारी माणसे येथे मुबलक आहेत. आणि सांगाड्याबरोबर आपल्याकडचा एखादा कमी केलेला रिव्हेट-कारागीर आला तर फारच उत्तम. आमच्या पोरांना पत्रा जोडण्याचे काम शिकावयाचे आहे. राहण्याची सोय होईल, सकाळी पोहे-जिलेबी मिळेल. पगाराचे नंतर पाहू.

लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक बदली कारकून

ता. क. : विमान उडवीत आणणार असल्यास बिजासन टेकडीजवळच्या विमानतळावर उतरावे, ती जागा होळकर महाराजांनी १९३५ मध्येच निवडून ठेवलेली आहे. ट्रकावरून पाठविणार असल्यास पंख उतरवूनच पाठवावेत, कारण सेस्ना १७२ च्या पंखांचा पसारा छत्तीस फूट आहे आणि आमच्या रस्त्यावर तेवढ्यात दोन रसवंत्या, एक पानाची टपरी आणि एक नेता उभा असतो. शेपटाची उंची आगाऊ कळवावी. वर विजेच्या तारा आहेत.