तुरीच्या पोत्यांमागे बसलेल्या शेठजींस

श्री. रा. रा. साठेबाज शेठजी,
मुक्काम : बाहेरून कुलूप असलेलं कुठलंही गोदाम

स. न. वि. वि.

आपला पत्ता ठाऊक नाही, म्हणून पत्र उघडंच धाडते आहे. तुम्ही जबलपूरचे, कटनीचे, इंदूरचे की नागपूरचे, कुणीच सांगत नाही. डाळ महाग का, असं आमच्या जबलपूरच्या निवाडगंज बाजारात विचारलं तर दुकानदार आढ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "भाभीजी, माल ऊपर से ही नहीं आ रहा." म्हणजे देवाचा आणि तुमचा पत्ता एकच निघाला.

आधी आभार. भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेली जी मराठी घरं आहेत, त्यांच्या स्वयंपाकाला तुम्ही हलकेपणा आणलात. पूर्वी आमच्याकडचं वरण भातावर घातलं की जागेवर बसायचं. आता ते ताटभर फिरून येतं आणि लिंबाच्या फोडीला वळसा घालून परत भाताशी पोचतं. तुरीत मसूर मिसळून पाहिली, मूग मिसळून पाहिला. सोमवारी ताकाची कढी, मंगळवारी चिंचेचं सार, बुधवारी पिठलं असं चालू होतं. तर तुम्ही हरभऱ्याकडेही मोर्चा वळवलात आणि पिठलंसुद्धा जपून खायची गोष्ट झाली. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला मात्र साधं वरण लागतं. त्यात भोपळा घालून ते वाढवता येत नाही. त्या दिवशी पंगतीत वाढणारीच्या हातातली पळी पाहावी. इतक्या अदबीने कुणी तीर्थसुद्धा देत नाही.

गंमत अशी, की आम्ही डाळीच्या दुष्काळी मुलखात राहत नाही. इटारसीच्या गाडीत बसलं की नरसिंहपूर, करेली आणि मग गाडरवारा. नर्मदेकाठची काळी जमीन आणि तिथली तूर. गाडरवाऱ्याची डाळ म्हटलं की दुकानदार जास्तीचे पैसे मागतो आणि गिऱ्हाईक ते देतं. या गावाने जगाला दोन नामांकित गोष्टी दिल्या, ओशो आणि तूरडाळ. ओशोंचं बालपण तिथे गेलं. पुढे ते जबलपुरात शिकले, अमेरिकेला गेले आणि चार वर्षांत परतही आले. डाळ मात्र एकदा तुमच्या आश्रमात शिरली की दिवाळीआधी बाहेर पडत नाही.

हिशोब मांडते, चुकला तर सुधारा. तूर पेरतात जून-जुलैत, घरात येते जानेवारी ते मार्चमध्ये. त्याच सुमारास शेतकऱ्याला कर्ज फेडायचं असतं, गहू काढायला मजूर लावायचे असतात. तेव्हा तो थांबू शकत नाही. तुम्ही थांबू शकता. तुमचा सगळा धंदा या एका वाक्यात बसतो. 2014-15 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 4350 रुपये होता. शंभर किलो तुरीची सत्तरेक किलो डाळ होते, उरलेली चुनी गुरांना जाते. म्हणजे हमीभावाने किलोभर डाळीत तूर पडते बासष्ट रुपयांची. तूर त्याहून महाग विकली गेली, हे मान्य. गिरणीचा खर्च, वाहतूक, हमाली, दुकानदाराचा नफा, सगळं सढळ हाताने धरा. तरी 2015 च्या ऑक्टोबरात डाळ दोनशे रुपये किलो झाली, ती कुठल्या वाटेने?

पाऊस नव्हता, असं म्हणाल. खरंच नव्हता. 2014 आणि 2015, सलग दोन पावसाळे कोरडे गेले. दुष्काळ तुम्ही पाडला असं मी म्हणणार नाही, तेवढी तुमची पोच नाही. पण त्याच ऑक्टोबरात सरकारने राज्याराज्यांत धाडी घातल्या, तेव्हा पंचाहत्तर हजार टनांच्या आसपास डाळी सापडल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. देशात नसलेली डाळ एवढ्या मोठ्या प्रमाणावर सापडावी, हा चमत्कार आमच्या भेडाघाटालाही साधलेला नाही. आणि तिथल्या संगमरवरी कड्यांत नावाडी काय काय दाखवतात, ते तुम्हाला माहीतच असेल.

शिवाय पाऊस बरा झाला की तुम्ही काय करता, तेही पाहिलं आहे. 2016-17 मध्ये तुरीचं विक्रमी पीक आलं, जवळजवळ दुप्पट. तेव्हा बोनस धरून हमीभाव होता 5050 रुपये, आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. महाराष्ट्रात सरकारी खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. बारदाना संपला म्हणून मापं थांबली. शेतकरी पोत्यांवर झोपून राखण करत होते. त्या वर्षी "ऊपर से माल नहीं आ रहा" असं कुणी म्हणालं नाही. त्या वर्षी तुम्ही खरेदीत होतात.

कायद्याने तुम्हाला त्रास दिला, याचं वाईट वाटतं. अत्यावश्यक वस्तूंचा कायदा 1955 चा. 2020 मध्ये तो सैल करून पाहिला. धान्य-डाळींचे भाव पन्नास टक्के चढल्याशिवाय सहसा तुमच्या साठ्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. 2021 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैत सरकारनेच डाळींवर साठ्याची मर्यादा घातली आणि वर्षअखेर ती दुरुस्तीच मागे घेतली. 2023 च्या जूनमध्ये पुन्हा फर्मान निघालं. तूर आणि उडीद घाऊक व्यापाऱ्याला दोनशे टनांपर्यंत, किरकोळ दुकानदाराला पाच टनांपर्यंत ठेवता येतील आणि साठा किती तो पोर्टलवर स्वतः जाहीर करायचा. स्वतः! आमच्या घरी लाडवांच्या डब्याचा हिशोब मुलांवर सोपवत नाहीत.

साठा काय आम्हीही करत होतो. आमच्या सासूबाई चैत्र-वैशाखात वर्षाची तूर भरायच्या. ऊन दाखवायचं, एरंडेल चोळायचं, जात्यावर भरडायची, डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. त्याला बेगमी म्हणत. ती तूर वर्षभर रोज थोडी थोडी कमी होई. तुमची तूर कमी होत नाही, फक्त महाग होते. आता बेगमी करायची तर शंभर किलो तूर एकदम घेण्याइतके पैसे हवेत, आणि ते ज्याच्याकडे असतात त्याला दीडशेच्या पुढची डाळ टोचत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात भाव पुन्हा तिथेच होता.

तुमचं वकीलपत्र एका मोठ्या माणसाने घेऊन ठेवलं आहे, हे मात्र सांगायला हवं. कर्नल स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारा, जबलपुरात त्यांना तंबू आणि गालिचे विणायला बसवणारा, ज्याच्या नावाचं स्लीमनाबाद कटनीच्या रस्त्यावर आहे तोच. त्याच्या 1844 च्या पुस्तकात धान्यव्यापाऱ्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. 1833 च्या टंचाईत सागरला लोक आणि छावणीतले साहेब त्याच्या मागे लागले, की पेवं फोडा, भाव बांधून द्या. तो बधला नाही. उलट व्यापाऱ्यांना संरक्षण मिळेल अशी दवंडी पिटवली आणि धान्य बाजारात आलं, असं तो लिहितो. त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. धाकाने पेव फोडलं, की पुढच्या वर्षी कुणी धान्य घेऊन त्या गावाकडे फिरकत नाही. फरक एवढाच, की त्याचा व्यापारी बैलांवर धान्य लादून भुकेल्या गावाकडे चालला होता. तुमचा ट्रक गोदामाकडे जातो आणि चाकांतली हवा काढून उभा राहतो.

याच स्लीमनने त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट लिहिली आहे. गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू गेल्यावर सागरकडच्या खेड्यांतली माणसं आपोआप उगवणारा तिवडा खाऊन जगली. आपली लाखोळी डाळ. त्यानंतर धडधाकट तरुण कमरेपासून खाली लुळे पडले. हे सांगायचं कारण, तूर भडकली की लाखोळीला भाव येतो. भरडली, की ती तुरीच्या डाळीत बेमालूम मिसळते. आता आमच्याकडे परातीत डाळ पसरून चष्मा लावून एकेक दाणा पाहतात. चपटी आणि तिरकी दिसली की बाजूला.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं नाव तुमच्या कानावर असेल. मोठ्या दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली आणि विठोबाने स्वतः बिदरला जाऊन धान्याचे पैसे भरले, अशी कथा आहे. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही. विठोबा आला तर तुम्ही त्याच्याकडून गोदामभाडंही लावून घ्याल.

सरकार मोझांबिकची तूर आणतं. 2016 मध्ये तसा करारच झाला. 2023 च्या अखेरीस ती तूरही तिथल्या बंदरात व्यापाऱ्यांच्या भांडणात अडकली, तेव्हा तुमचं गोत्र किती दूरवर पसरलं आहे ते कळलं. गाडरवाऱ्याच्या शेजारी राहून आफ्रिकेच्या जहाजाची वाट पाहणारी आम्हीच असू.

कळावे, लोभ नसावा.

आपली,
जबलपूरचं एक गिऱ्हाईक

ता. क. : डिसेंबर-जानेवारीत आमच्या पाटण-शहापुऱ्याकडचा मटार इतका उतरतो, की दारावर हातगाडीवाले ओरडून ओरडून विकतात. दोन महिने उसळ, करंज्या, मटारभात, सगळं मनसोक्त होतं. सोललेला मटार उणे अठरा अंशांत वर्षभर टिकतो, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलं नसेल अशी आशा आहे.