रिकाम्या जागा भरू नका

(समुपदेशन शिकू लागलेल्यांसाठी एक सोपी मार्गदर्शिका. एआय जवळ बाळगणाऱ्यांना वाचन सक्तीचं.)

साहित्य : एक वही, एक पेन, समोरासमोर दोन खुर्च्या, टिश्यू पेपरचा एक डबा (क्लायंटसाठी आणलेला, पहिल्या महिन्यात तुम्हीच संपवाल), एक हाडामांसाचा सुपरवायझर आणि हौसेप्रमाणे एआय. पाठ्यपुस्तकात क्लायंटला ‘समुपदेशनार्थी’ म्हणतात. तो शब्द परीक्षेपुरता पाठ करा. त्या नावाने आजवर कुणी आपलं दार वाजवलेलं नाही.

पायरी १ : घाबरू नका, भाळूही नका

समुपदेशनाच्या वर्गात यंत्र घुसलं म्हणून छाती पिटणारे भेटतील. त्यांना सांगा, ते तिथलं जुनंच भाडेकरू आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ सालच्या पुस्तकात एका क्लायंटची आठही सत्रं शब्दशः छापली. एरवी बंद खोलीत काय झालं हे समुपदेशकाच्या आठवणीवरून ठरायचं, आणि आठवण नेहमी मालकाच्या बाजूने साक्ष देते. तबकडीने ती सोय बंद केली. शिकणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकवणारं यंत्र वाईट कसं म्हणायचं?

भाळणारेही भेटतील. त्यांना एलायझाची गोष्ट सांगा. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली या प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. त्यात रॉजर्स यांच्या पद्धतीची नक्कल होती : समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला परत विचारायचं, आईचा विषय निघाला की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ म्हणायचं. कळत काहीच नव्हतं. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर सरांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तो प्रोग्राम तयार होताना तिने डोळ्यांनी पाहिला होता. आपण असे फसणार नाही असं वाटत असेल, तर ही पायरी पुन्हा वाचा.

पायरी २ : क्लायंट तयार करा

यंत्राला लिहा : ‘तू सुनंदा. वय ४२. सासू वारल्यापासून झोप लागत नाही. मी तुझा समुपदेशक.’ सुनंदा लगेच हजर होते. रात्री अकराला बोलवा, येते. बस चुकत नाही, घरी पाहुणे येत नाहीत. पहिलंच वाक्य म्हणते, ‘मी सध्या भावनिकदृष्ट्या अतिशय अस्वस्थ आहे आणि मला माझ्या दुःखाचा स्वीकार करायचा आहे.’

इथे थांबा. असं वाक्य बोलणारी सुनंदा तुमच्या ओळखीत आहे का? खरी सुनंदा आधी पाच मिनिटं गॅसच्या भावाबद्दल बोलते. मग म्हणते, ‘तसं सगळं बरंय हो मॅडम, पण कसंतरीच होतं.’ या ‘कसंतरीच’मध्ये मळमळ असू शकते, लाज असू शकते, भीती असू शकते. सासूने वीस वर्षं छळलं आणि ती गेल्यावर मोकळं वाटलं, त्या मोकळं वाटण्याची शरमही असू शकते. कोणतं, ते अजून तिलाही ठाऊक नाही. यंत्र मात्र पटकन ‘दुःख’ असं लेबल चिकटवतं. शिवाय खऱ्या सुनंदासोबत जाऊबाई येतात आणि तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जाऊबाई देतात. मुद्द्याची गोष्ट निघते ती उठल्यावर, चपलेत पाय सरकवताना.

तेव्हा सूचना सुधारून लिहा : ‘पुस्तकी मराठीत बोलू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत मूळ गोष्ट सांगू नकोस. जाऊबाईंना घेऊन ये. माझं पटलं नाही तर हो म्हणू नकोस.’ थोडा फरक पडतो. पण एका जागी हात टेकावे लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मौनाचा सराव करायचा म्हणून कंसात लिहिलं, ‘(मी शांत बसलो आहे)’. सुनंदाने क्षणात उत्तर दिलं, ‘(डोळे पुसत) सर, तुम्ही शांत बसलात, त्यामुळे मला खूप मोकळं वाटलं.’ पोरगं खूश. त्याला वाटलं, मौन जमलं. या यंत्राचं शिक्षणच मुळी ‘पुढचा शब्द कोणता’ यावर झालेलं. त्याला गप्प कसं बसता येईल? आणि आपली निम्मी विद्या तर गप्प बसण्याचीच.

मग सराव सोडून द्यायचा? नाही. पूर्वी पैलवान मल्लखांबावर घाम गाळून मग लाल मातीत उतरायचे. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेने २०२१ साली ‘रायली’ नावाचा असाच एक खांब रोवला : खचलेल्या किशोरवयीन मुलासारखं चॅटवर बोलणारा प्रोग्राम. संकटातल्या मुलांशी बोलणारे स्वयंसेवक त्याच्यावर हात बसवतात. खऱ्या मुलांशी बोलायला मात्र माणूसच बसतो. सरावात तुमचं एखादं वाक्य चुकलं तर रायलीची झोप उडत नाही, एवढा फायदा पुरेसा आहे. फक्त खांबावर चढून आलात म्हणजे कुस्ती मारली, असं गावभर सांगू नका. खांब उलटा डाव टाकत नाही.

पायरी ३ : नाव बदला आणि निर्धास्त झोपा

खऱ्या क्लायंटची केस यंत्रापुढे मांडायची सर्वांत लोकप्रिय रीत अशी : वैशालीचं ‘वर्षा’ करायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. म्हणजे वर्षा, वय ३४, अमुक तालुक्यातल्या एकुलत्या एक पेट्रोल पंपाच्या मालकाची धाकटी सून, नवरा दुबईत, दीर राजकारणात. झाली गोपनीयता!

वर्षाला त्या तालुक्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. फिनलंडमध्ये वास्तामो नावाच्या मानसोपचार कंपनीचा डेटा चोरीला गेला आणि २०२० साली चोराने थेट रुग्णांनाच ईमेल धाडले : पैसे द्या, नाहीतर तुमच्या सत्रांच्या नोंदी जगजाहीर करतो. असे रुग्ण हजारोंनी होते. त्या नोंदी कुणी वाईट हेतूने लिहिल्या नव्हत्या. नेमून दिलेलं काम म्हणूनच लिहिल्या होत्या.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि वैयक्तिक डेटासाठी २०२३ चा वेगळा कायदा आहे. पण कायद्याच्याही आधी साधा हिशोब बघा. वैशालीने होकार दिला तो तुमच्यापुढे बोलायला. तुमच्या गृहपाठासाठी तिचं घर परक्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायला तिने होकार दिलेला नाही. सराव करायचा तर सुनंदा आहे ना! ती कुणाचीच सून नाही.

पायरी ४ : चिंतन-वही यंत्राकडून लिहून घ्या

सत्र झालं की ‘मला आत काय जाणवलं’ हे चिंतन-वहीत लिहायचं असतं. कंटाळा येतो. यंत्राला सांगा, ते सुंदर लिहून देतं. एका वर्षी माझ्याकडे बारा वह्या आल्या. त्यांतल्या नऊ जणांना ‘या सत्राने अंतर्मुख केलं’ होतं आणि सात जणांचा ‘सहानुभूतीकडून समानुभूतीकडे प्रवास’ झाला होता. एवढी माणसं एकाच गाडीने प्रवास करताना मी फक्त आषाढीला पाहिली आहेत.

दहाव्या वहीत तीनच ओळी होत्या : ‘बाई रडायला लागल्या तेव्हा मला त्यांचा राग आला. का आला कळत नाही. माझी आई अशीच रडायची.’ व्याकरण कच्चं, अक्षर वाईट. त्या तीन ओळींवर आम्ही दोन तास बोललो. बाकीच्या वह्यांवर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांतली प्रत्येक रिकामी जागा आधीच भरलेली होती.

शिक्षकांनाही एक मोह आहेच : वह्या यंत्राकडून तपासून घ्यायचा. तसं झालं की एका यंत्राने लिहायचं, दुसऱ्याने पाठ थोपटायची, आणि मधल्या मध्ये फी तेवढी विद्यार्थ्याने भरायची. ज्याने कुठे यंत्र वापरलं त्याने तिथे तसं लिहावं, आम्हीही लिहावं. एवढ्या एका नियमावर वर्ग चालू शकतो.

पायरी ५ : शाबासकी जपून खा

सरावानंतर यंत्राला विचारा, ‘मी कसं केलं?’ उत्तर येईल, ‘अतिशय संवेदनशील हाताळणी!’ एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवू लागलं होतं. पुढच्या अवतारांची खोड कमी असेलही. पण हाडामांसाचा सुपरवायझर रेकॉर्डिंग थांबवून विचारतो, ‘इथे तू घाईघाईने सल्ला का दिलास? कुणाला बरं वाटावं म्हणून?’ तेव्हा कानाच्या पाळ्या गरम होतात. त्या गरम होणं हाच अभ्यासक्रम आहे.

पायरी ६ : इथे थट्टा नाही

समोरचं माणूस जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर यंत्र बंद. त्याला विचारू नका, मसुदाही मागू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच सुपरवायझरला फोन करा. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तो नंबर पाठ असू द्या. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने २०२३ साली ‘टेसा’ नावाचा आपला चॅटबॉट बंद केला. उपाशी राहून आजारी पडलेली माणसं जिथे मदत मागायला यायची, तिथेच तो वजन कमी करायच्या युक्त्या सांगत असल्याचं उघड झालं होतं. त्याला मान खाली घालता आली नाही. मान खाली घालायला माणूस लागतो.

स्वाध्याय

प्र. १. चूक की बरोबर ते सांगा : ‘सुनंदाला माझं म्हणणं पटलं.’ (सेक्रेटरीबाईंना आठवून उत्तर लिहा.)

प्र. २. एका वाक्यात उत्तर लिहा : तुमचा सल्ला चुकला, तर पुढच्या मंगळवारी वैशालीसमोरच्या खुर्चीत कोण बसणार?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा :

क्लायंट म्हणाली, ‘कसंतरीच होतं,’ आणि खिडकीबाहेर बघू लागली. तेव्हा समुपदेशक ____________.

(गुण ५. जागा रिकामी सोडणाऱ्यास पूर्ण गुण. वेळ : ती बोलेपर्यंत.)