पन्हळतात्या

कोकणातल्या प्रत्येक वाडीत एक पन्हळतात्या असतो. त्याचं नाव तात्याच असेल असं नाही. कुठे तो अण्णा असतो, कुठे भाऊ, आणि क्वचित एखाद्या वाडीत काकूही असते. वर्षाचे दहा महिने तो चारचौघांसारखा जगतो. सुपारी कातरतो, एसटीच्या वेळेवरून सरकारला बोल लावतो, तिन्हीसांजेला देवळाच्या पायरीवर बसतो. पण मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागून आगोटीची कामं सुरू झाली की त्याच्या अंगात येतं. घरोघर बायका आमसुलं डब्यात भरत असतात, गडी कौलं परतत असतात, आणि तात्या मान वर करून वाडीभर हिंडत असतो. मान वर करून हिंडल्यामुळे शेणात पाय पडण्याचे प्रसंग त्याच्यावर जरा जास्तच येतात.

कोणाच्याही घरी गेला तरी माणसांच्या आधी तो वळचणीला भेटतो. पुतण्यासाठी मुलगी बघायला घरच्यांनी त्याला वडीलधारा म्हणून सोबत नेलं. परतताना रिक्षात सगळ्यांनी विचारलं, "तात्या, कशी वाटली?"

"उतार उलटा आहे," तात्या म्हणाला.

उतार हा तात्याचा वेदान्त. पन्हळीला दर दहा फुटांमागे निदान पाव इंच उतार हवा, आणि तो खालच्या पाइपाच्या दिशेने हवा, हे तो नातवंडांना पाढ्यांच्या आधी शिकवतो. मुंबईच्या एका चाकरमान्याने गावच्या घराला फोनवरून पन्हळ लावून घेतली आणि गणपतीत आल्यावर कौतुकाने दाखवली. "तात्या, बघा, एकदम लेव्हलमध्ये!" तात्याने डोळे मिटून घेतले. मग तांब्याभर पाणी मागवलं. चाकरमान्याला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. तात्या शिडीवरून वर गेला, पाणी पन्हळीच्या टोकाला ओतलं आणि घड्याळ बघत उभा राहिला. पाणी तिथेच थांबलं. "ही पन्हळ नव्हे, हौद आहे. आठ-दहा दिवसांत यात डासांची पोरंबाळं खेळतील," असं सांगून तो खाली उतरला. हे त्याने आरती चालू असताना सांगितलं, एवढीच त्याची चूक. बाकी शब्द न शब्द खरा होता.

पन्हळतात्याशी भांडणं यासाठीच अवघड जातं. माणूस असह्य, पण बरोबर.

त्याच्या तरुणपणी पोफळीचं खोड उभं चिरायचं, आतला गाभा कोरून काढायचा आणि वळचणीखाली बांबूच्या आधाराने बांधायचं, झाली पन्हळ. कुजली की दुसरी. पोफळी परसातच होत्या. मग पत्रा आला. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचा जस्ताचा थर खाल्ला. आता सहा इंची पीव्हीसी पाइप उभा कापून लावतात. तात्याला पीव्हीसी मान्य आहे, पीव्हीसी लावणारे मान्य नाहीत. "सगळे सांधे सोल्युशनने चिकटवून टाकतात गाढवं! पाइपाला उन्हात अंग पसरायला जागा नको?" सहा मीटरचा तुकडा पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात, म्हणजे वीसेक अंशांचा फरक पडला, की पाऊण सेंटिमीटर वाढतो. दोन्हीकडून बांधलेला असला तर तो बिचारा जाणार कुठे? पोट काढतो. अशी पोट काढलेली पन्हळ दिसली की तात्या रस्त्यात थांबून घरमालकाची वाट बघतो. घरमालक मागच्या दाराने बाहेर पडतो.

साफसफाई मात्र तो कोणाला करू देत नाही. हात कोपरापर्यंत घालतो आणि एकेक वस्तू बाहेर काढून तिचा इतिहास सांगतो: फणसाची पानं, कावळ्याने जमवलेल्या काड्या, वानरांनी फोडलेल्या कौलाचा तुकडा, आणि ज्यावरून दोन घरांतल्या मुलांचं बोलणं बंद झालं होतं तो रबरी चेंडू.

वाडीतल्या भाऊबंदकीतही त्याचा शब्द मागितला जातो, कारण जमीन वाटता येते, पागोळ्या वाटता येत नाहीत. तुझ्या पाखीचं पाणी माझ्या खळ्यात का, यावर दोन सख्खे चुलतभाऊ हयातभर बोलत नाहीत. तात्या अशा वेळी 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा काढतो, वीस वर्षांची उघड, बिनतक्रार वहिवाट म्हणजे काय ते दोघांना समजावतो, आणि शेवटी दोघांच्या खर्चाने मध्ये एक पन्हळ लावून देतो. कोर्टात जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, पण वकिलांना तो आवडत नाही.

हिशेबात त्याला गाठू नये. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र त्याच्या जिभेवर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तो हजार चौरस फुटांच्या छपरावर धरला असता तर सुमारे 88 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ नऊ, हे त्याने एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगितलं. "आणि आपण मेमध्ये टँकरची वाट बघतो!" पंगत गप्प झाली. टँकर त्याच दिवशी सकाळी येऊन गेला होता.

मृगाची पहिली सर आली की सारी वाडी पडवीत येते. कोणी मातीचा वास घेतं, कोणी भजी तळायला घेतं. तात्या छत्री घेऊन अंगणात उभा राहतो. छत्री खांद्यावर, तोंड वर, चष्म्यावर धारा. त्याला पाऊस दिसत नाही, सांधे दिसतात. "टिपकतंय! तिसऱ्या क्लॅम्पपाशी टिपकतंय!" हे ओरडतानाचा त्याचा आनंद बघावा. एका वर्षी काहीच टिपकलं नाही, तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी घरच्या काकूंनीच रात्री हळूच एक क्लॅम्प सैल केला असावा, असा वाडीला संशय आहे. त्यांना विचारलं की त्या पदर सावरून आत जातात.

तुमच्याकडे असा तात्या मेअखेरीस आला, तर "अजून पावसाला अवकाश आहे" असं चुकूनही म्हणू नका. तांब्याभर पाणी द्या, शिडी घट्ट धरा. आणि खालच्या पाइपाचं तोंड जोत्यापासून चार फूट लांब न्या, म्हणजे तो श्रावणात परत येणार नाही.