बांध दिल्लीला जातो

नेवाशाच्या शिवारात बांध हातभर सरकला, की आमच्याकडे शेतकरी नांगर ठेवतो आणि वकील धरतो. तालुक्याचं कोर्ट, मग जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. तिथे दुसऱ्या अपिलात विचारतात, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता? इथे दोन पिढ्या मोजणीच्या खुणा शोधण्यात गेल्या, आणि साहेब प्रश्न विचारतात! मग उरते दिल्ली, म्हणजे सर्वोच्च न्यायालय, आणि घटनेचं कलम 136. खास परवानगी मागायची. बहुतेक अर्ज काही मिनिटांत निकाली निघतात. तेवढ्या वेळात आमच्याकडे चहाही उकळत नाही.

फौजदारीत निदान फाशीच्या अपिलाला दिल्ली निवांत बसते. एकदा नाही, दोनदा बसते. नाशिकजवळच्या 2003 च्या दरोडा-खून प्रकरणात उच्च न्यायालयाने सहांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत चढवली, म्हणजे सहाही जणांना फाशी. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने फेरसुनावणीत सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्यायालय तेच, पुरावा तोच. फक्त न्यायमूर्ती नवे. (बांधाच्या दाव्यात निदान मान तरी शाबूत राहते.)

त्या सहांना सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असाही हुकूम झाला. तुरुंगातल्या सुमारे सोळा वर्षांचे. वर्षाला किती पडले, तो भागाकार वाचकांनीच करावा.