कॉन्टेसाची चाल आणि नेक्सॉनचं शिंगरू

नांदेडहून लातूरला लग्नाला जायचं होतं, आणि घरात गाडीवरून दोन तट पडले. एकीकडं मामांची कॉन्टेसा, दुसरीकडं भाच्याची नेक्सॉन. मी दोन्ही पक्षांचा माणूस. निम्मी वाट इकडं, निम्मी तिकडं बसायचं कबूल केलं.

नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की कर कमी लागतो, म्हणून बिचारीनं पाच मिलिमीटर पोट आत ओढून धरलंय. कॉन्टेसा साडेचार मीटरच्याही पुढं गेलेली. मूळची ही विलायतेतली व्हॉक्सहॉल व्हिक्टर. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ पासून बंगालातल्या उत्तरपाड्याला बनवली. लांब नाक, रुंद छाती, बघणाऱ्याला थेट अमेरिकेची मस्टँग आठवावी. आत मात्र सुरुवातीला अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं, पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन. पैलवानाला तलाठ्याचं काळीज! पुढं इसुझूचं १८०० सीसीचं आलं. मामांच्या गाडीत तेच आहे, आणि 'इसुझू' म्हणताना मामा आवाज खाली आणतात, कुलदैवताचं नाव घ्यावं तसा.

"मामा, माझं बाराशेचं टर्बो एकशेवीस देतंय," भाचा म्हणाला. "वर सहा एअरबॅगा."

"आमच्याकडं डॅशबोर्डवर खंडोबा हाय."

लोहा मागं पडलं आणि माळेगाव आलं. खंडोबाची यात्रा भरलेली. घोडे, गाढवं, उंट, आणि त्यांच्या तोंडात हात घालून वय बघणारी माणसं. कॉन्टेसा थांबली तशी अर्धी गर्दी घोडे सोडून इकडं वळली. एका पागोटेवाल्या व्यापाऱ्यानं जाळीवरून हात फिरवला, टायर दाबला, मागून पुढून चक्कर मारली.

"किती वर्साची?"

"चौतीस."

"म्हातारी हाय की! चाल?"

"चालीला तोड नाही."

"अन् खाती किती?"

मामा देवळाच्या शिखराकडं बघू लागले.

व्यापाऱ्यानं मग नेक्सॉनकडं मान वळवली. "हे शिंगरू कुणाचं?"

भाचा अहमदपूरपर्यंत बोलला नाही. त्याचा राग मला कळला मागच्या गाडीच्या हॉर्नवरून; एव्हाना मी कॉन्टेसात होतो, सीटमध्ये इतका खोल रुतून की रस्त्याऐवजी नुसतं बॉनेटच दिसत होतं. चाकूरला चहाला थांबलो तर गाडीभोवती फोटो. भाचा तोवर लातुरात पोचून जेवलासुद्धा.

गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. मामांनी सोळाही बघितले. कारण चुकीच्या रस्त्यावरून कॉन्टेसा वळवायची तर आधी दोन हातगाडेवाल्यांची परवानगी लागते.

मांडवात पोचलो तर नवरदेवानं परण्याला ठरवलेल्या घोड्याकडं पाठ फिरवून कॉन्टेसाच मागितली. बँड सुरू झाला, पोरं नाचायला लागली, गाडी मुंगीच्या पावलानं मारुतीच्या देवळाकडं निघाली. भाच्याला बर्फाच्या लाद्या आणायला पाठवलेलं. परतला तो नेमका मागं अडकला. मामांनी काच खाली केली.

"काय रे भाच्या, एकशेवीस हाय ना? काढ की ओव्हरटेक."